पाहुणे येईपर्यंत वाजवणाऱ्यांचं नाव पत्रिकेत छापा

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली नवरात्र, गणेशोत्सव व जयंती उत्सव मंडळं, यात्रा समित्या आणि कार्यक्रम ठरवणारे सर्व कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे एक मागणी आहे. तुम्ही ज्या गोंधळ्यांना, देवीची गाणी गाणाऱ्या आराध्यांना, हलगीवाल्यांना, गजी ढोलवाल्यांना कार्यक्रमाला बोलावता, त्यांची नावं पत्रिकेत छापा. आणि त्यांना पाहुण्यांच्या स्वागतापुरतं दारात उभं न करता, त्यांची कला पूर्ण सादर करता येईल इतका वेळ द्या. मागणी ऐकायला किरकोळ वाटेल. ती किरकोळ नाही, हे मला एका संबळवादकाला ऐकल्यावर आणि नंतर त्यांच्याशी बोलल्यावर कळलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या वस्तीत, एका मंडळाचा कार्यक्रम होता. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका मंडळापुरतं नाही, आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं. रस्त्याच्या कडेला खुर्च्या, समोर मोठं स्टेज, मागे डिजिटल फलकावर पाहुण्यांचे फोटो. पाहुणे आधी दुसऱ्या एका उद्घाटनाला गेले होते आणि त्यांना उशीर होत होता. निवेदकाकडचं बोलणं संपलं, भेटवस्तूंच्या घोषणा संपल्या. स्टेजच्या बाजूला, जनरेटरजवळ गोंधळ्यांचा एक संच उभा होता. अंगात घोळदार झगे, गळ्यात कवड्यांच्या माळा. त्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या कमरेला संबळ बांधलेला होता. त्यांना बोलावलं होतं ते पाहुण्यांच्या गाडीपासून स्टेजपर्यंत वाजवत यायला. वेळ काढायचा म्हणून कुणीतरी त्यांना म्हणालं, "मामा, तोवर चढा स्टेजवर."

ते चढले. आधी त्यांनी संबळाच्या दोऱ्या ओढून घेतल्या, एकेका वाद्यावर बोटानं टिचकी मारून कानानं अंदाज घेतला. साउंडवाल्याला हात करून इको बंद करायला सांगितलं. त्यानं केला नाही. मग त्यांनी काड्या हातात घेतल्या. संबळाच्या दोन काड्यांपैकी एकीचं टोक वाकवलेलं असतं, हे मी इतक्या जवळून त्या दिवशीच पाहिलं.

गण, म्हणजे गणपतीचं नमन, झाला. मग आवाहन सुरू झालं. तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जेजुरीच्या खंडोबाला, पंढरीच्या विठोबाला गोंधळाला यायचं निमंत्रण. ही यादी आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. पण हे मामा, म्हणजे संचाचे नायक, शेवटी घरच्या देवांवर आले. आपल्या तळ्यातला सिद्धेश्वर, तुळजापूर रस्त्यावरची रूपाभवानी, आणि पूर्व भागात उभे आहोत हे ध्यानात ठेवून पद्मशालींचा मार्कंडेय. मार्कंडेयाचं नाव येताच मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या पद्मशाली आज्यांनी हात जोडले. ते त्यांनी कुठे लिहून आणलेलं नव्हतं. कोणासमोर उभे आहोत हे पाहून ते गात होते.

आता वादनाबद्दल. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन वाद्यं, एक लहान आणि एक मोठं. लहानाचा आवाज कडक, मोठ्याचा घुमणारा. मिरवणुकीत आपण जो संबळ ऐकतो, त्यात दोन्ही एकसारखे जोरात वाजत असतात, कारण गर्दीवर मात करायची असते. या मामांचं तसं नव्हतं. ओळ गात असताना ते मोठ्यावर अगदी मोजके ठोके देत. ओळ संपली की लहान वाद्यावर असा काही भराव टाकत की तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात. आणि देवीचं नाव यायच्या अगोदर दोन्ही काड्या उचलून धरत. त्या रिकाम्या जागेत नुसतं तुणतुणं चालू राहायचं. एका तारेचं, भोपळ्याएवढाही आवाका नसलेलं ते वाद्य; पण सगळा स्वर त्यानंच धरून ठेवलेला. मग काड्या खाली येत आणि त्याच क्षणी खुर्च्यांमधून "उदो" उठायचा. कुणी सांगितलं नव्हतं की इथे उदो म्हणा. त्या थांबण्यानंच लोकांकडून ते म्हणवून घेतलं. पोरंही मोबाइल खाली ठेवून बघायला लागली होती.

मग त्यांनी करपल्लवी दाखवली. गोंधळ्यांची ही सांकेतिक भाषा आहे, हातांच्या खुणांनी अक्षरं सांगायची. हाताचा नागाच्या फण्यासारखा आकार केला की स्वर, कमळासारखा केला की क वर्ग, चक्रासारखा फिरवला की च वर्ग. याप्रमाणे आधी वर्ग सांगायचा, मग बोटं दाखवून त्या वर्गातलं कितवं अक्षर ते, मग मात्रा. नायकांनी तुणतुणंवाल्या साथीदाराला स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि खाली उतरून पुढच्या रांगेतल्या एका आजींना म्हणाले, "आक्का, तुमच्या मनातलं एक नाव माझ्या कानात सांगा." आजींनी सांगितलं. मामा तिथूनच, तोंडातून चकार शब्द न काढता, हात हलवत राहिले. एक आकार, बोटं, मग दुसरा आकार, पुन्हा बोटं. साथीदार एकटक बघत होता, तुणतुण्यावरचं त्याचं बोट थांबलं नव्हतं. आणि मग त्यानं सुरातच नाव घेतलं: "नरसम्मा." आजींनी तोंडाला पदर लावला. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्या आईचं नाव. त्या स्टेजवर मराठी माणसानं एका तेलुगू आईचं नाव बोटांच्या खुणांवरून वाचलं आणि गायलं. सोलापूर म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगेन.

त्यानंतर नायकांनी जांभूळ आख्यान लावलं. द्रौपदीची गोष्ट. कृष्ण पांडवांना आणि तिला वनात नेतो आणि शेवटी वेळ अशी येते की प्रत्येकानं आपल्या मनातलं खरं बोलायचं. गोंधळात नायक कथा सांगतो आणि एक साथीदार मध्येमध्ये शंका काढतो, टिंगल करतो, अडवतो. त्या सवाल-जवाबातून आख्यान पुढे सरकतं. इथला साथीदार फार हजरजबाबी होता. लोक हसत होते, आणि हसता हसता एकदम शांत होत होते. पाचही भावांची पाळी झाली. आता द्रौपदीनं बोलायचं. मामांनी काड्या उचलल्या, तुणतुणं एकटं वाजत राहिलं.

आणि गाडी आली.

कार्यकर्त्यांनी हात केले. निवेदकानं नायकांच्या हातातला माइक घेतला, "आपल्या सर्वांचे लाडके" असं सुरू केलं, आणि संचाला खाली उतरून गाडीकडे जायला सांगितलं. ते गेले. गाडीपासून स्टेजपर्यंत वाजवत आले. पाहुण्यांनी स्टेजवर येऊन हात हलवला आणि गोंधळी परत जनरेटरजवळ गेले. द्रौपदी काय म्हणाली ते कुणाला कळलं नाही. तीनशे खुर्च्यांवरची माणसं तोंडावर आलेला घास काढून घ्यावा तशी बसली होती, हे स्टेजवरून कुणाला दिसलं असेल की नाही, माहीत नाही. मला खुर्चीतून स्पष्ट दिसलं.

पाहुण्यांना दोष देत नाही. त्यांना बिचाऱ्यांना कळलंही नसेल की आपण कशात येऊन उभे राहिलो. पाहुण्यांना पाच मिनिटं खुर्चीवर बसवून आख्यानाचा शेवट ऐकवता आला असता, आणि तो त्यांनाही आवडला असता, असं मला मनापासून वाटतं. हे सुचलं नाही, कारण स्टेजवर जे चाललं होतं ते कार्यक्रमात धरलेलंच नव्हतं.

घरी येताना मी मंडळाची पत्रिका नीट वाचली. चार पानी, रंगीत. पाहुण्यांची नावं पदांसकट. मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार. देणगीदार. मंडपवाले, साउंडवाले, फुलांची सजावट करणारे, यांची नावं मोबाइल नंबरसह. ती असायलाच हवीत, त्यांनी कष्ट केलेले असतात. गोंधळ्यांसाठी एक ओळ होती: "पारंपरिक वाद्यांच्या गजरात मान्यवरांचे स्वागत". गजर कोण करणार, ते कुठेच नव्हतं. निवेदकानंही नाव घेतलं नाही. आभार मानताना "आपले गोंधळी बांधव" एवढंच.

मी त्या रात्री निघण्याआधी नायकांना गाठलं होतं. टेम्पोत सामान भरत होते. विचारलं, "मामा, द्रौपदी पुढं काय म्हणाली?" ते हसले. म्हणाले, "घरी गोंधळ घाला की ताई. सगळं ऐकवतो." मग बोलता बोलता मानधनाचा विषय निघाला. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते. 2024 पासून निवड झालेल्या कलावंताला महिन्याला 5000 रुपये मिळतात. पन्नाशी पार केलेल्या आणि निदान 15 वर्षं कलेची सेवा केलेल्या कलावंताला अर्ज करता येतो. पण अर्जासोबत कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो.

मामा म्हणाले, "ताई, पोरगा होतो तवापासनं वाजवतोय. जिल्ह्यातलं एक गाव न्हाई सोडलं. पर कागद दाखव म्हणत्यात. कागदावर आमचं नाव कुठंय?"

मंडळींनो, या पत्राचा गाभा तिथे आहे. आपल्याला वाटतं पत्रिकेतलं नाव म्हणजे मानपान. त्या माणसासाठी तो पुरावा आहे. तुम्ही वर्षानुवर्षं पत्रिका छापत आला आहात. त्या प्रत्येक पत्रिकेत एक ओळ जास्त छापली असती, तर आज त्यांच्याकडे पिशवीभर कागद असते. ती ओळ छापायला शाईसुद्धा वेगळी लागली नसती. त्यांनी आयुष्यभर वाजवलं त्याचे साक्षीदार आपणच आहोत, हजारोंनी आहोत, आणि आपल्या साक्षीचा एकही कागद नाही.

पुढे काही दिवसांनी आमच्या नात्यात एक लग्न झालं आणि मी हट्ट करून गोंधळाला याच संचाला बोलावलं. मुलीचं सासर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कन्नड बोलणारं. पाटावर नवं कापड, त्यावर तांदळाचा चौक, कलश, नागवेलीची पानं, भोवती ज्वारीची पाच धाटं उभी करून वर बांधलेली. दिवटी, म्हणजे गोंधळ्यांची मशाल, पेटली, बुधलीतलं तेल तिच्यावर पडलं. माइक नव्हता. पत्र्याच्या मांडवाखाली पन्नास-साठ माणसं आणि संबळ. मी त्या वाद्याचा खरा आवाज त्या रात्री ऐकला. लहान वाद्यावरच्या हलक्या टिचक्या, काडी चामड्यावर नुसती टेकवून काढलेला दबका ठोका, हे सगळं मंडळाच्या स्टेजवर इकोमध्ये वाहून गेलं होतं. रात्र चढली तशी हवा गार झाली आणि चामडं सैल पडायला लागलं. मामा दोन पदांच्या मध्ये दिवटीच्या उबेशी वाद्य नेत, दोऱ्या ताणत, पुन्हा सुरू करत. सासरकडच्या म्हाताऱ्या बायका मागे बसल्या होत्या, त्यांना मराठी जेमतेम कळत होतं. हे लक्षात आल्यावर आख्यानातला साथीदार आपल्या शंका कन्नडमध्ये काढायला लागला, नायक मराठीत उत्तर देत होते. दोन्ही बाजूंच्या बायका एकाच वेळी हसत होत्या.

द्रौपदीचं खरं बोलणंही त्या रात्री ऐकलं. पाच पती असूनही मनात कर्णाचा विचार येऊन गेला, असं ती सांगते. हे सांगताना मामांनी संबळ वाजवला नाही. गायलेही नाहीत. साध्या बोलण्याच्या आवाजात, खाली बघत सांगितलं. मांडवातल्या कितीतरी बायकांनी त्या वेळी एकमेकींकडे पाहिलं नाही. नवरात्रात हा क्षण आपण गाडीच्या हॉर्नखाली घालवला होता. तोवर मी फक्त हळहळले होते. त्या रात्री मात्र मला फार राग आला, आणि हे पत्र त्या रागातून लिहायला घेतलं आहे. रागाचं कारण एवढंच, की इतकी मोलाची वस्तू आपल्या दारात येऊन उभी होती आणि आपण ती पुरती ऐकलीच नाही.

आपण सोलापूरचे लोक शाहिरी परंपरेबद्दल अभिमानानं बोलतो. बोलायलाच हवं. पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणी गाजवणारे राम जोशी सोलापूरचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा आवाजावर धरून ठेवणारे अमर शेख आपल्या बार्शीचे. तुमच्या व्यासपीठांवरून ही नावं नेहमी घेतली जातात. पण राम जोशींच्या काळात त्यांना कुणीतरी पूर्ण ऐकलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. अमर शेखांना लोकांनी माइकसमोर उभं केलं, दारात नाही. आज जो जिवंत आहे, जनरेटरजवळ उभा आहे, त्याच्या वाट्याला ते का येऊ नये? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे आणि अभ्यासक गोंधळाचं मूळ तिथवर नेतात. आपला हा सगळा मुलूख तेव्हा त्याच राजवटीत होता. म्हणजे ही कला इथे पाहुणी म्हणून आलेली नाही.

तुमच्याकडून काय उत्तरं येतील याचा मला अंदाज आहे, कारण मी काही कार्यकर्त्यांशी बोलले आहे. पहिलं म्हणजे लोक ऐकत नाहीत, लोकांना डीजे हवा. त्या संध्याकाळी मी स्वतः पाहिलं की एकही माणूस उठला नाही. लोक उठतात ते अर्धवट वाजवलेल्या, नीट ऐकू न येणाऱ्या गोष्टीतून. दुसरं, हे देवीचं काम आहे, ते स्टेजवर करून घेणं बरं दिसत नाही. ही शंका प्रामाणिक आहे आणि तिचा मान राखायला हवा. पण तिचं उत्तर कलावंतांकडे आहे. चौक मांडून, देव बोलावून घातलेला कुळाचाराचा गोंधळ आणि व्यासपीठावर सादर केलेलं गोंधळगीत-आख्यान, यातला फरक ते पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ मोठमोठ्या व्यासपीठांवर नेला. शाहीर विठ्ठल उमपांनी हेच जांभूळ आख्यान नाट्यगृहात नेलं. देवीचा मान कुठे कमी झाला नाही. आणि गाडीच्या दारापाशी वाजवायला लावताना आपल्याला ही शंका कधी आली नव्हती.

पैशांचं बोलायचं तर, बिदागी आधी ठरवा आणि त्याच रात्री हातात द्या. "उद्या या, खजिनदार गावाला गेलेत" हे ऐकून रात्री टेम्पोभाडं खिशातून भरणारे कलावंत मला माहीत आहेत. मिरवणुकीत बॉक्सच्या भिंती उभ्या करायला वर्गणी पुरते, तर पाच माणसांच्या बिदागीला ती कमी पडायचं कारण नाही. मामांचा नातू बेंजो पार्टीत पॅड वाजवतो. हात उत्तम आहे, आजोबांचाच आहे. मी विचारलं संबळ का नाही, तर म्हणाला, "येतो की मला. पण बेंजोला सुपारी ठरलेली असते, संबळाला काय द्यायचं ते द्या असं असतं." त्याचं मला काही चुकीचं वाटलं नाही. त्यालाही घर चालवायचं आहे.

साउंडवाल्यांनाही माझी विनंती आहे, कारण अर्धा कार्यक्रम त्यांच्या हातात असतो. नायकांच्या तोंडापुढे एकच कॉर्डलेस माइक धरला की तुणतुणं ऐकू येत नाही, आणि तुणतुणं नाही तर गाणाऱ्याला आधार नाही. त्याला स्वतंत्र माइक द्या. संबळाच्या दोन्ही वाद्यांसमोर थोड्या अंतरावर एकेक ठेवा, अगदी चिकटवू नका, आवाज फुटतो. इको पूर्ण बंद. आणि नायक काही सांगत असेल तर ऐका, त्याला आपल्या वाद्याचा आवाज तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

एक ठोस सूचना आहे. कोजागरीला आपल्या शहरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. कर्नाटकातून आलेले, आपल्याकडचे, लाखो लोक त्या पंचेचाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर रात्रभर असतात. तुमच्यापैकी कितीतरी मंडळं त्यांच्यासाठी चहा, फराळ, जेवण, औषधं ठेवतात. फार मोठं काम आहे ते. त्या तंबूंमध्ये रात्रभर रेकॉर्डवर देवीची गाणी लागलेली असतात. यंदा त्यातल्या काही तंबूंमध्ये रेकॉर्डऐवजी एकेक संच बसवा. गोंधळी, आराधी, चौंडकं वाजवणारे, हलगीवाले. चालून थकलेली माणसं तिथे पाय सैल करायला बसतातच. श्रोते शोधावे लागणार नाहीत. वेळेचं बंधन नाही, कुणाची गाडी यायची नाही. दर तंबूबाहेर डिजिटल लागणारच आहे, त्यावर देणगीदारांच्या खाली संचाचं नाव येऊ द्या. त्याचा एक फोटो काढून नायकाच्या मोबाइलवर पाठवा आणि मंडळाच्या लेटरहेडवर, तारीख घालून, सहीशिक्क्यानिशी एक प्रमाणपत्र द्या. मानधनाच्या अर्जाला हे दोन्ही लागतात.

गणपती विसर्जन झालं की नवरात्राच्या पत्रिका छापायला जातात, म्हणून आत्ताच लिहिते आहे. छपाईला टाकण्याआधी संचाच्या नायकाला एक फोन करा. गावाचं नाव विचारा, संबळ कोण वाजवतं, तुणतुणं कोण, झांज कोण, साथीला कोण बोलतं, हे विचारून घ्या आणि सगळी नावं छापा. नायक एकट्याचं नाव नको. मी मामांना त्यांचं नाव पत्रिकेसाठी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी आधी तुणतुणंवाल्याचं सांगितलं.

आपली,
एक सोलापूरकर श्रोती

ता. क. ज्या मंडळांकडे जुन्या पत्रिका, अल्बम, व्हिडिओ कॅसेट असतील, त्यांनी त्या चाळून पाहाव्यात. मिरवणुकीच्या जुन्या फोटोंमध्ये पाहुण्यांच्या पुढे चालणारे हे लोक दिसतात. फोटोच्या मागे वर्ष लिहून, त्या त्या कलावंताला ओळखून, त्याची एक प्रत त्याच्या घरी पोहोचती करा. पंधरा वर्षांचा पुरावा तुमच्या कपाटात असू शकतो.